‘देव मानतेस का?’ या एका प्रश्नात किती प्रश्न दडले आहेत

रामनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या पंचवटीतल्या घरी माझी भाची आजीला म्हणाली, "आजी, मी देव मानत नाही." ती अकरावीत आहे. बोलताना आवाज जरा कापत होता, म्हणजे हे वाक्य तिने बरेच दिवस मनात धरून ठेवलेलं असणार. माझी आई सुंठवड्यासाठी सुंठ कुटत होती. ती म्हणाली, "नको मानूस. पण तिन्हीसांजेचा दिवा आजपासून तू लावत जा, माझे गुडघे दुखतात."

आजीने आपलं बोलणं मनावरच घेतलं नाही, असं वाटून भाची खट्टू झाली. मला मात्र वाटतं की आईने ते नीट ऐकलं होतं. दोघींच्या बोलण्यातला ‘देव’ वेगळा होता, आणि ‘मानणं’ही वेगळं होतं. पुढचे काही रविवार आम्ही मावशी-भाची नाशिकभर हिंडलो आणि यावर बोललो. त्या बोलण्यातून मला जे उलगडत गेलं ते इथे मांडते आहे. देव आहे की नाही, याचा निकाल या लेखात लागणार नाही. त्या प्रश्नाच्या पोटात कोणकोणते प्रश्न आहेत ते वेगळे करून दाखवता आले तर पाहायचं आहे.

आधी ‘मानणे’ या क्रियापदाकडेच बघा. आपण आभार मानतो, हार मानतो, गुरू मानतो, वाईट मानून घेतो. मानलेला भाऊ असतो. राखी बांधून भाऊ मानला, म्हणजे तो जगात आहे की नाही याबद्दल आपण काही मत दिलेलं नसतं. त्याला आपल्या आयुष्यात एक जागा दिलेली असते. उलट ‘मी भूत मानत नाही’ म्हणताना आपण भूत नसतंच असं सांगत असतो. म्हणजे एकच क्रियापद एकदा अस्तित्वाबद्दल बोलतं आणि एकदा नात्याबद्दल. तिसरा अर्थ आचाराचा आहे: सोवळंओवळं मानणे, वार मानणे. भाची अस्तित्वाबद्दल बोलत होती आणि आईने आचाराचं उत्तर दिलं. घरोघरी देवावरून जे वाद पेटतात, त्यातले कितीतरी या तीन अर्थांची सरमिसळ झाल्यामुळे पेटतात. पूजेला न बसणारा मुलगा ‘नास्तिक’ ठरतो आणि उपास करणारी सून ‘श्रद्धाळू’ ठरते, पण आत काय चाललं आहे हे दोघांनाही कुणी विचारलेलं नसतं.

‘देव’ हा शब्द तर याहून गुंतागुंतीचा. देव्हाऱ्यातले टाक हे देव. कुलदैवत खंडोबा हा देव. आणि ‘देव जाणे!’ म्हणतो तेव्हाचा देव या दोन्हींपेक्षा वेगळाच असतो, त्याला ना मूर्ती ना नाव. मराठीत हा फरक फार पूर्वीच कुणीतरी ठामपणे मांडून ठेवला आहे. १३व्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र, अनादी पदार्थ आहेत. देवता पुष्कळ आहेत, त्यांची भक्ती केली तर त्यांच्या कुवतीपुरतं फळ मिळतं, पण मोक्ष देण्याचं सामर्थ्य एकट्या परमेश्वराकडे आहे. म्हणजे देवता आहेत हे कबूल करूनही त्यांची उपासना न करणारा माणूस या विचारात बसतो. त्याला आस्तिक म्हणायचं की नास्तिक?

हा प्रश्न भाचीला भलताच आवडला, म्हणून पहिल्या रविवारी आम्ही पांडवलेणी चढलो. पाथर्डी फाट्याजवळ, मुंबई-आग्रा हायवेला लागून असलेला हा डोंगर. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध आहेत, एकूण २४. शिलालेखांत या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हटलं आहे, म्हणजे त्रिरश्मी. १८ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात (भिक्षूंच्या प्रार्थनेच्या दालनात), आत टोकाला एक साधा दगडी स्तूप आहे. मूर्ती नाही, चेहरा नाही. त्या काळातल्या भिक्षूंना बुद्धाचं स्मरण करायला एवढं पुरत होतं. काही शतकांनी याच डोंगरावर बुद्धाच्या मोठमोठ्या मूर्ती कोरल्या गेल्या. एका लेण्यातून निघून दुसऱ्या लेण्यात गेलं की ‘आकार हवा की नको’ हा सगळा वाद पायांखालून जातो.

बुद्ध देवाबद्दल मौन बाळगून होते, असं आपण शाळेपासून ऐकतो. ते पुरतं बरोबर नाही. पाली ग्रंथांत ज्या दहा प्रश्नांना बुद्धांनी उत्तर दिलं नाही, ते जग शाश्वत आहे का, जीव आणि शरीर एकच का, तथागत (म्हणजे बुद्ध) मृत्यूनंतर असतो का, अशा प्रकारचे आहेत. विषारी बाण लागलेल्या माणसाने ‘बाण मारणाऱ्याची जात सांगा, मगच उपटा’ म्हणू नये, हा प्रसिद्ध दृष्टान्त याच प्रश्नांसंदर्भात येतो. ईश्वर आहे का, हा प्रश्न त्या दहांत नाही. देव तर त्या ग्रंथांत भरपूर आहेत, इंद्र आहे, ब्रह्मा आहे. फक्त तेही जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकलेले आहेत. एका सुत्तात महाब्रह्मा ‘हे सगळं मीच निर्माण केलं’ असं समजून बसतो, कारण त्या लोकात तो सर्वांत आधी जन्मलेला असतो, आणि हा त्याचा गैरसमज आहे असं बुद्ध सांगतात. देव आहेत, पण जगाचा निर्माता कुणी नाही, आणि दुःखातून सुटायला देवांची गरज नाही, अशी ही भूमिका आहे.

पण त्या डोंगरावर मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतं ते १० नंबरचं लेणं. ते क्षहरात घराण्यातला शक राजा, क्षत्रप नहपान, याचा जावई उषवदात याने करवलं. तिथल्या लेखात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे: तीन लाख गाई दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं. आणि हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणतो की त्रिरश्मी पर्वतावर धर्मबुद्धीने हे लेणं आणि पाण्याची टाकी करवली, म्हणजे बौद्ध भिक्षूंसाठी! त्यांच्या वस्त्रांची सोय व्हावी म्हणून त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेव म्हणून ठेवले: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, व्याजावर वस्त्रं.

तिसऱ्या लेण्यातही हेच दिसतं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री लेणं दान करते भद्रयानीय या बौद्ध भिक्षुसंघाला, आणि लेखात मुलाची थोरवी सांगताना राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी त्याची तुलना होते. त्याला ‘एकब्राह्मण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, असंही म्हटलं जातं. भाचीने विचारलं, "मावशी, मग ही बाई नक्की कोण होती? हिंदू की बौद्ध?" मला वाटतं तिला हा प्रश्न कळलाच नसता. आपण धर्म म्हणजे एका वेळी एकच भरता येणारा रकाना समजतो. बलश्रीच्या काळी दान देण्यासाठी आधी रकाना निवडावा लागत नव्हता.

आस्तिक-नास्तिक या शब्दांचंही असंच आहे. ‘आस्तिक म्हणजे देव मानणारा’ हा अर्थ आज रूढ आहे. जुन्या दर्शनशास्त्रांत कसोटी निराळी होती: वेदांचं प्रामाण्य स्वीकारतो तो आस्तिक, नाकारतो तो नास्तिक. या व्याख्येने सांख्य आस्तिक, मीमांसक आस्तिक. पण सांख्यांच्या मूळ मांडणीत जग प्रकृती आणि पुरुष या दोन तत्त्वांतून उलगडतं, त्यात ईश्वराला काम नाही. मीमांसक तर याहून पुढे गेले. यज्ञाचं फळ यज्ञातूनच मिळतं, मध्ये फळ वाटणारा कुणी लागत नाही, असं ते म्हणतात. कुमारिल भट्टांनी निर्मात्याची कल्पनाच खोडून काढताना विचारलं की त्याने जग कशासाठी निर्माण केलं? दयेपोटी म्हणावं, तर सृष्टीआधी दया करायला जीव होतेच कुठे? वेदांसाठी प्राण पणाला लावणारा हा विद्वान जगाचा कर्ता मानत नाही, हे ऐकून भाची वाटेतच थांबली. तिला वाटत होतं की ‘देव नाही’ हे म्हणणं बाहेरून आलेलं, आपल्या घरात परकं आहे. तसं नाही, हे तिला कळलं याचा मला मनापासून आनंद झाला. चार्वाकांचा तर इथे उल्लेखही करायची गरज पडली नाही.

म्हसरूळजवळच्या गजपंथाच्या डोंगरावर गेलो तेव्हा जैनांचं उत्तर निघालं. विश्व अनादी आहे, कुणी घडवलेलं नाही. ९व्या शतकातले आचार्य जिनसेन विचारतात: ईश्वराने जग निर्माण केलं म्हणता, तर त्याआधी तो कुठे होता? तीर्थंकरांची पूजा होते, अभिषेक होतो, पण ते काही मागण्यासाठी नाही, कारण मुक्त झालेला आत्मा देण्याघेण्याच्या पलीकडे असतो. पूजा आहे आणि निर्माता नाही.

याला उत्तर देणारे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, होते. १०व्या शतकातले उदयनाचार्य म्हणतात, माठ दिसला की कुंभार असतोच. जग हेही कार्य आहे, मग त्याला कर्ता हवा. सगळ्यांना पटण्यासारखं वाटतं. पण बौद्धांचा आणि मीमांसकांचा सवाल असा: कुंभार आपण पाहिला आहे, माठ घडतानाही पाहिला आहे, म्हणून तो संबंध माहीत आहे. जग घडताना कुणी पाहिलं? शिवाय कुंभाराला हातपाय असतात, माती आधीपासून असते, आणि एका माठामागे कधी दोन कुंभारही असतात. या तर्काने सिद्ध झालेला कर्ता आपल्या मनातला परमेश्वरच असेल कशावरून? हा वाद शेकडो वर्षं चालला, आणि दोन्ही बाजूंनी इतक्या बारकाईने लढला गेला की आज समाजमाध्यमांवर चालणारी देवाविषयीची भांडणं त्यापुढे फार घाईची वाटतात.

देव मानणाऱ्यांमध्येही ‘कसा’ यावर एकमत नाही. शंकराचार्यांच्या अद्वैतात अखेरचं सत्य एकच ब्रह्म. माठातली पोकळी आणि बाहेरची पोकळी वेगळी भासते ती माठ आहे तोवरच. रामानुजाचार्य म्हणतात, जग खोटं नाही, ते ईश्वराचं शरीर आहे, आणि जीव त्याच्यावर अवलंबून असला तरी विरून जात नाही. मध्वाचार्यांना जीव आणि ईश्वर यांतला भेद कायमचा वाटतो. हा शब्दच्छल नाही. तुम्ही प्रार्थना कुणाला करता, आणि ती ऐकणारा तुमच्याहून वेगळा आहे का, हे यावर ठरतं.

नाशिककरांना हा पेच त्र्यंबकेश्वरी डोळ्यांनी दिसतो. एरवी पिंडी उंच उठलेली असते. इथे आत खोलगट जागा आहे आणि त्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा-विष्णू-महेशाची. आकार आहे म्हणावं तर पोकळीच जास्त. जवळच निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या येतात. परंपरा सांगते की ब्रह्मगिरीच्या परिसरात त्यांना गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली. नाथपंथ शिवाचा, योगाचा. पण निवृत्तिनाथांच्या अभंगांत कृष्ण येतो, आणि त्यांचे धाकटे भाऊ व शिष्य ज्ञानेश्वर म्हणतात, ‘तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे, सगुण निर्गुण एकु गोविंदु रे.’ ज्याला गुण चिकटत नाहीत त्याचंच नाव घेऊन लाडाने हाक मारायची. वारकऱ्यांनी हा वाद सोडवला असं मी म्हणणार नाही. त्यांनी तो गात गात अंगावर वागवला.

निराकार एकेश्वराचा आग्रह इस्लाममध्ये सर्वांत स्पष्ट आहे: अल्लाह एक, त्याला ना जोडीदार ना प्रतिमा. तरी जुन्या नाशकातल्या बडी दर्ग्यात चादर चढवायला सगळ्या धर्मांची माणसं जातात, आणि दर्ग्यावर मागणं मागावं का यावर मुसलमानांमध्येच मतभेद आहेत. ख्रिस्ती विचारात एकाच परमेश्वराची पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन रूपं नव्हेत, तीन व्यक्ती आहेत, आणि पुत्र माणूस होऊन जन्माला येतो. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत लांबून माणसं येतात, त्यांच्यापुढे असतो तो लहान मूल झालेला देव. शीख निरंकार अकाल पुरखाची उपासना करतात, गुरुद्वारात मूर्ती नसते.

आता एक गोष्ट, जी मला भाचीला सांगताना जड गेली. आमच्या घरापासून काळाराम मंदिर चालत पाच मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे, अस्पृश्य ठरवलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून, सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. दारं बंद करण्यात आली. सत्याग्रह काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. देव सगळ्यांच्या अंतरी आहे, हे रोज म्हणणाऱ्यांनी माणसांना दारात अडवलं. देवाबद्दलची कल्पना कितीही उदात्त असली, तरी ती पायरीवर काय करते हे पाहावंच लागतं. बाबासाहेबांची लढाई समान हक्कासाठी होती, देवदर्शनाची ओढ हा तिचा गाभा नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारताना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासनाही करणार नाही, अशी दोन वेगळी वचनं आहेत. मानणं वेगळं आणि उपासना वेगळी, हे त्यांनी किती नेमकं ओळखलं होतं!

त्यांच्याआधी जोतीराव फुल्यांनी तिसरी वाट काढली होती. निर्माता आहे, पण त्याचं नाव ‘निर्मिक’. त्याच्यात आणि माणसात मध्यस्थ नको, कुणा एका जातीच्या हाती त्याची किल्ली नको. फुले देव नाकारत नव्हते, देवाच्या नावाने चालणारी मालकी नाकारत होते. भाची म्हणाली, "हे मला चालेल." दोन दिवसांनी म्हणाली, "पण निर्मिक तरी आहे हे कशावरून?" मग मी तिला अज्ञेयवादाबद्दल सांगितलं. ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, असं प्रामाणिकपणे म्हणणं. या भूमिकेला टॉमस हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये नाव दिलं. ही कुंपणावरची जागा समजली जाते. मला तसं वाटत नाही. माहीत नसताना ‘माहीत नाही’ म्हणायला धाडस लागतं.

या सगळ्या चर्चेत एक प्रश्न ती टाळत होती, मीही टाळत होते. दुःखाचा. ईश्वर सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे, तर निरपराध माणसं का सोसतात? याला कर्मसिद्धान्ताचं उत्तर आहे: जुनं ऋण फिटतंय. माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं, त्याची ही किंमत, असं एक उत्तर आहे. ही परीक्षा आहे, असंही एक. प्रत्येक उत्तर कागदावर कुठवर तरी जातं. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला ते सांगायला गेलं की मात्र आपली आपल्यालाच लाज वाटते.

पण इथे एक गोष्ट लक्षात येते. ब्रह्मावर रागावता येत नाही. निर्गुणाशी भांडण करता येत नाही. सांख्यांच्या प्रकृतीला जाब विचारता येत नाही. भांडायला समोर कुणीतरी लागतं. मराठी संतांनी हे भांडण मनसोक्त केलं. जनाबाई विठ्ठलाला ‘अरे विठ्या’ म्हणून शिव्या घालते, त्याची बायको विधवा झाली म्हणते, आणि त्याच जनाबाईबरोबर तो दळायला बसतो अशी लोकांची श्रद्धा आहे. तिचा देव हा कशाचं स्पष्टीकरण म्हणून आलेला नव्हता. तो घरातला होता.

आमच्या घरातही असं एक भांडण झालं होतं. भाची तेव्हा फार लहान होती, तिला आठवत नाही. बाबा गेले. तेरावं झालं, सुतक फिटलं, आणि आईने देव्हाऱ्यातले सगळे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवून दिले. आत्या म्हणाली, असं करू नये. आईने ऐकलं नाही. रोज देव्हारा पुसायची, पण तो रिकामाच. आठ महिने गेले. मार्गशीर्षात एका सकाळी मी उठले तर ती अंगणात बसून चिंचेने टाक घासत होती. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परवा हे मी भाचीला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आईला सरळ विचारलं, "आजी, त्या आठ महिन्यांत तू देव मानत होतीस का?"

आई तांदूळ निवडत होती. तिने ताट जरा उजेडाकडे सरकवलं.

"बोलत नव्हते गं त्याच्याशी," ती म्हणाली.